भरपाई हक्काची, पदरचा खर्च किती?

‘यात आपलं जाणार किती?’ बीडच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात, अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात किंवा एखाद्या पोलीस ठाण्यासमोरच्या टपरीवर, अन्याय झालेल्या घरातला कर्ता माणूस हाच प्रश्न विचारताना दिसतो. उत्तर देणारा बहुतेक वेळा एजंट असतो आणि तो आपल्या सोयीचा आकडा सांगतो. खरा आकडा फार लहान आहे. एफआयआर, भरपाईचा अर्ज, मानवाधिकार आयोगाकडची तक्रार आणि पात्र माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळणारा वकील, या चारही गोष्टींना एक रुपया फी नाही. पैसा जातो तो बुडालेल्या रोजात, एसटीच्या तिकिटांत, झेरॉक्समध्ये. आणि सगळ्यात जास्त जातो मुदत हुकल्यावर. कुठे किती लागतात, किती मिळू शकतात आणि कुठे अजिबात द्यायचे नसतात, ते इथे सांगतो.

ठाण्याच्या पायरीवर

एफआयआर नोंदवणे मोफत आहे आणि तिची प्रत मोफत मिळणे हा फिर्यादीचा हक्क आहे. घटना कुठल्याही हद्दीत घडलेली असो, जवळच्या ठाण्याने ती ‘झिरो’ क्रमांकाने नोंदवून घ्यायची असते. ‘आधी चौकशी करू, मग बघू’ असे म्हणून परत पाठवले तर तक्रार स्वतःच्या हाताने लिहा, सही करा आणि बीडच्या पोलीस अधीक्षकांच्या नावाने स्पीड पोस्टाने पाठवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) मध्ये ही वाट दिलेली आहे. खर्च शंभर रुपयांच्या आतला. त्यानंतरही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली अर्ज करता येतो, त्याला शपथपत्र जोडावे लागते.

शपथपत्र म्हटले की लोक मुद्रांकाच्या रांगेत उभे राहतात. महाराष्ट्रात शासकीय कार्यालयात आणि न्यायालयात दाखल करायच्या शपथपत्रांवरचे मुद्रांक शुल्क २००४ सालीच माफ झाले आहे. साधा कागद चालतो. कोणी ५०० रुपयांचा स्टॅम्प आणायला सांगितले तर ‘कुठल्या नियमाने?’ एवढेच विचारा.

अधीक्षक कार्यालयात समक्ष जाणार असाल तर अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक खिडकीत द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊनच खिडकी सोडायची. झेरॉक्सच्या दोन-चार रुपयांत मिळालेला हा गोल शिक्का पुढे मानवाधिकार आयोगात, उच्च न्यायालयाच्या खंडपीठात, भरपाईच्या समितीसमोर, सगळीकडे बोलतो. ‘आम्ही तोंडी सांगितलं होतं’ या वाक्याला कुठेच किंमत नाही. आणि एक हक्क बहुतेकांना ठाऊक नसतो: तपास कुठवर आला हे पोलिसांनी फिर्यादीला ९० दिवसांच्या आत कळवायचे असते.

वकील कोणाचा, पैसे कोणाचे

फौजदारी खटला सरकार चालवते. पीडित कुटुंबाने सरकारी वकिलाला फी द्यायची नसते. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली, त्या खटल्यात शासनाने उज्ज्वल निकम यांना विशेष सरकारी वकील नेमले. अशा वकिलाची फी शासन भरते. कुटुंबाला हवे असेल तर सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकील देता येतो, पण तो ऐच्छिक आहे.

तो वकीलही मोफत मिळू शकतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग, वेठबिगारीचे बळी, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली माणसे यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे बंगल्यात राहणारी बाई आली तरी तिला हा हक्क आहे. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. बीडच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बसते. गेवराई, माजलगाव, आष्टीसारख्या तालुक्यांच्या न्यायालयांत तालुका समित्या आहेत. फोन १५१००. वकिलासोबत कोर्ट फी, टायपिंग, समन्सचा खर्चही प्राधिकरण उचलते. नेमलेला वकील ‘वरचे थोडे द्या’ म्हणाला तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी सांगा.

खासगी वकिलाची फी कायद्याने ठरलेली नाही, ती दोघांत ठरते. पण ‘आता काही देऊ नका, भरपाई आली की त्यातले इतके टक्के’ हा व्यवहार बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना सरळसरळ मना केलेला आहे. बीडमध्ये टक्केवारीची भाषा करणारे बरेचसे वकील नसतातही, दलाल असतात. मेलेल्या मुलाच्या भरपाईत वाटा मागणाऱ्या माणसाला दारात उभे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अ‍ॅट्रॉसिटीचे अर्थसहाय्य

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालची भरपाई ही या सगळ्यातली सर्वांत नीट लिहिलेली व्यवस्था आहे. २०१६ च्या सुधारित नियमांत ८५,००० पासून ८ लाख २५ हजार रुपयांपर्यंतचे दर गुन्ह्यानुसार ठरवले आहेत. खून झाल्यास ८ लाख २५ हजार: अर्धी रक्कम शवविच्छेदनानंतर, उरलेली दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर. बलात्कारास ५ लाख, सामूहिक बलात्कारास ८ लाख २५ हजार. जातिवाचक शिवीगाळ आणि अपमानास १ लाख. त्यातले २५ टक्के एफआयआरनंतर, ५० टक्के दोषारोपपत्रानंतर आणि राहिलेले २५ टक्के आरोपीला शिक्षा झाल्यावर. सामाजिक बहिष्कारालाही १ लाख आहेत, आणि ही तरतूद मराठवाड्यातल्या गावांत फार कमी वापरली जाते.

पैशांच्या पलीकडचे जे आहे ते तर लोक मागतच नाहीत. खुनाच्या प्रकरणात विधवेला किंवा अवलंबितांना दरमहा ५,००० रुपये मूळ निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाई भत्ता, घरातल्या एकाला नोकरी, शेतजमीन किंवा घर, मुलांचे पदवीपर्यंतचे शिक्षण, तीन महिने पुरेल इतके धान्य आणि भांडीकुंडी: हे सारे नियमांत लिहिलेले आहे. घर जाळले असेल तर शासनाने ते दगडविटांचे बांधून द्यायचे आहे. बाबासाहेबांच्या जिल्हा-जिल्ह्यांतल्या पुतळ्यांना हार घालणाऱ्या प्रत्येक लोकप्रतिनिधीला या यादीतल्या किती गोष्टी आपल्या तालुक्यात प्रत्यक्ष पोचल्या, हे विचारले पाहिजे.

खर्च किती? जातीचा दाखला नसेल तर तो आपले सरकार केंद्रात शंभराच्या आत निघतो. आधार आणि बँक पासबुकाच्या झेरॉक्स. बस्स. प्रस्ताव पोलिसांकडून समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जातो. तातडीची मदत सात दिवसांत द्यायची असते. आठवा दिवस उजाडला की त्या कार्यालयात लेखी स्मरणपत्र द्या. त्याने हलले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट, कागदाच्या पानाला २ रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ. ‘माझ्या प्रस्तावाची आजची स्थिती, तो कोणत्या तारखेपासून कोणाच्या टेबलावर आहे’ हे दोन प्रश्न पुरतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती असते, तिच्यापुढे प्रकरण ठेवण्याची मागणीही करता येते. देशभराचा मदत क्रमांक १४५६६.

अ‍ॅट्रॉसिटीच्या तारखांना येण्या-जाण्याचे भाडे, दैनिक भत्ता आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई पीडितांना, त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांना आणि साक्षीदारांना मिळते. नियम ११ पाहा. पाटोद्याहून बीडला साक्षीला आलेला शेतमजूर रोज बुडवून, पदरचे तिकीट काढून परत जातो, कारण त्याला कोणी सांगतच नाही. तिकिटे जपून ठेवा आणि साक्ष संपली की त्याच दिवशी मागणी करा.

स्त्रिया आणि मुले

बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि अ‍ॅसिड हल्ला यांत महाराष्ट्राची मनोधैर्य योजना लागू होते. २ ऑक्टोबर २०१३ पासून ती आहे. आधीची ३ लाखांची मर्यादा पुढे १० लाखांवर नेली गेली. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, फी नाही. रकमेचा मोठा हिस्सा मुदत ठेवीत जातो, हे आधीच समजून घ्या. मुलीची शाळा बदलायची, गाव सोडायचे असेल तर ती अडचण लेखी मांडा. पॉक्सोच्या, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या, खटल्यात विशेष न्यायालय निकालाची वाट न पाहता अंतरिम भरपाई देऊ शकते, पण वकिलाने मागितली तरच बहुधा.

दवाखान्याचा खर्च शून्य. अशा पीडितेवर खासगी रुग्णालयानेही तात्काळ मोफत उपचार करायचे असतात. ‘आधी पोलिसांचा कागद आणा, आधी डिपॉझिट भरा’ म्हणून नाकारणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे.

इतर गंभीर गुन्ह्यांच्या बळींसाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली पीडित नुकसानभरपाई योजना आहे. आरोपी सापडलाच नाही तरी अर्ज करता येतो. प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते.

उचल, कोयता आणि वेठ

बीडचा खास प्रश्न इथे आहे. दसऱ्यानंतर जिल्ह्यातली गावेच्या गावे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तिला मुकादमाकडून उचल मिळते आणि हंगामभर ती फेडायची असते. हिशेब मुकादमाच्या वहीत राहतो. तोडीचा दर जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्क्यांनी वाढून टनामागे सुमारे ३६६ रुपये झाला. दिवसाला दोन टन धरले तर एका दिवसाच्या गैरहजेरीत सातशेवर रुपये बुडतात, आणि वर मुकादम खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लावतो तो वेगळा. तक्रार करायला जाणे म्हणजे हा खर्च. सरकारी फी शून्य असूनही मजूर तक्रारीला येत नाही त्याचे कारण हेच.

उचल फिटली नाही म्हणून कोयत्याला तोडीच्या ठिकाणी अडकवून ठेवणे, घरच्या माणसाला उचलून नेणे, मुलांना ठेवून घेणे हे सारे वेठबिगारीच आहे. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ मध्येच आला. त्यानुसार असे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते, आणि हे कर्ज वेठीचे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर, म्हणजे इथे मुकादमावर, असतो. मजुराने वही दाखवायची गरज नाही. १९८२ च्या एशियाड बांधकाम मजुरांच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीत राबवणे हीसुद्धा सक्तीची मजुरी ठरवली.

करायचे काय? जिथे अडकले आहेत तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांना किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांना, म्हणजे प्रांतांना, लेखी अर्ज. गावाकडचे नातेवाईक, शिक्षक, सरपंच कोणीही तो करू शकतो. ई-मेल चालतो, व्हॉट्सअ‍ॅपवरचे लोकेशन जोडा, मुकादमाचा आणि कारखान्याचा उल्लेख करा. चौकशीनंतर प्रांतांनी मुक्तता प्रमाणपत्र द्यायचे असते. हा एक कागद मिळाल्याशिवाय पुढे काहीच मिळत नाही, म्हणून मजूर गाडीत बसून गावी परतण्याआधी तो मागा. घाईत ‘सुटलो एकदाचे’ म्हणून लोक परततात आणि हक्क तिथेच राहतो.

केंद्राच्या २०१६ च्या पुनर्वसन योजनेत प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया व मुलांना २ लाख आणि लैंगिक शोषण, मानवी तस्करीसारख्या अतिगंभीर प्रकरणात ३ लाख रुपये आहेत. तातडीची मदत २०२२ च्या सुधारणेनंतर ३०,००० रुपयांपर्यंत आहे. मोठी रक्कम खटल्याच्या निकालाला बांधलेली आहे आणि ही या योजनेची सर्वांत मोठी उणीव आहे; ज्याच्या विरुद्ध साक्ष द्यायची त्याच मुकादमाकडे पुढच्या हंगामात उचल मागायला जावे लागते, मग निकाल कसा लागणार? तरीही तातडीच्या मदतीला निकालाची अट नाही. ती सोडू नका.

पिशवी काढलेल्या बायका

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांवरून देशभर गदारोळ झाला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जे सर्वेक्षण आले त्यात ८२,३०९ पैकी १३,८६१ बायकांची शस्त्रक्रिया झालेली होती. पुढे खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. पुढची वाट बांधली. मागच्यांचे काय, हा प्रश्न मात्र उघडा आहे. बिहारमध्ये अशाच शस्त्रक्रियांच्या प्रकरणात तिथल्या राज्य मानवाधिकार आयोगाने बायकांना भरपाई द्यायला सांगितले होते. बीडसाठी तेच व्हायला हवे होते.

पैसे भरून खासगी दवाखान्यात शस्त्रक्रिया झालेल्या बाईला जिल्हा ग्राहक आयोगाचे दार आहे. दवाखान्याला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षे. उशीर झाला तर कारण सांगून माफी मागता येते, ती मिळेलच असे नाही. पूर्ण मोफत सरकारी रुग्णालयाविरुद्ध मात्र इथे जाता येत नाही.

आधी केसपेपर मिळवा. रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत डॉक्टरांनी कागद द्यायचे असतात. मागणी लेखी करा आणि पोहोच घ्या. केसपेपर, सोनोग्राफी, काढलेल्या गर्भाशयाच्या तपासणीचा अहवाल, बिल आणि संमतीपत्र, एवढे हाती हवे. संमतीपत्रावर अंगठा कोणाचा आहे ते नीट पाहा, बाईचा की नवऱ्याचा. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले की शुद्धीवर येऊ शकणाऱ्या प्रौढ स्त्रीच्या शस्त्रक्रियेला तिची स्वतःची संमती लागते, आईने दिलेली चालत नाही. डॉक्टरांची फी नाकारून वर २५,००० रुपये भरपाई दिली गेली. रक्कम लहान होती, पण तो निकाल आज गावातल्या बाईच्या कामाचा आहे.

आयोग आणि खंडपीठ

पोलीस, तुरुंग किंवा सरकारी अधिकाऱ्याने हक्क तुडवला तर मानवाधिकार आयोग. राज्य आयोग मुंबईत सीएसएमटीसमोर आहे, राष्ट्रीय आयोग दिल्लीत. राष्ट्रीय आयोगाचा फोन १४४३३. फी नाही, मराठीत साध्या कागदावर तक्रार चालते, मुंबईला जायची गरज नाही. दोन सापळे लक्षात ठेवा. घटनेला एक वर्ष उलटले की तक्रार घेतली जात नाही. आणि दोन्ही आयोगांकडे एकाच वेळी जाऊ नका. एकाकडे प्रकरण चालू असले की दुसरा ते हाताळत नाही. आयोग भरपाईची शिफारस करतो, आदेश नव्हे, म्हणून शिफारस झाल्यावर अंमलबजावणीसाठी पाठपुरावा हवाच.

सक्तीने भरपाई द्यायला लावण्याची ताकद उच्च न्यायालयाकडे आहे. ओडिशातल्या नीलबती बेहेरा यांच्या मुलाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला, तेव्हा १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारला दीड लाख रुपये द्यायला लावले आणि घटनात्मक भरपाईचा मार्ग पक्का झाला. शेजारच्या परभणीत सोमनाथ सूर्यवंशी यांचा डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्यांच्या आईच्या याचिकेवर औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवायचा आदेश दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. बीडहून एसटीचे साधे तिकीट सव्वादोनशेच्या आसपास, स्त्रियांना अर्धे. मोफत वकिलासाठी तिथे उच्च न्यायालयाची विधी सेवा उपसमिती आहे.

शेवटी तडजोडीबद्दल. भरपाई घेतली म्हणून खटला मागे घ्यावा लागत नाही, आणि खटला चालू आहे म्हणून भरपाई अडत नाही. गावच्या बैठकीत कोणी कोऱ्या कागदावर सही मागितली तर करू नका. घटनेची तारीख आज एका वहीत लिहा, खाली दोन ओळी जोडा: मानवाधिकार आयोग एक वर्ष, ग्राहक आयोग दोन वर्षे. आणि पहिला फोन एजंटाला करण्याआधी १५१०० ला करा.